बायका उपजतच 'ग्रीन' असतात का? जर्मनीतल्या मतपत्रिका काय सांगतात बघा

दरवर्षी जूनमध्ये पर्यावरण दिन आणि वटपौर्णिमा मागेपुढे येतात आणि व्हॉट्सॲपवर तोच मेसेज फिरायला लागतो, की स्त्री म्हणजेच प्रकृती, तिला झाडापानांची माया उपजतच असते, पुरुषांना ती शिकवावी लागते वगैरे. मला याचा खरंच राग येतो. एकतर त्याच दिवसांत मंडईत वडाच्या तोडलेल्या फांद्या विकायला असतात आणि त्या घरी आणून पुजल्या जातात. फांदी पुजून कोणाचं आयुष्य वाढत नाही आणि झाड मात्र बोडकं होतं, हे स्पष्ट बोललं पाहिजे. आणि दुसरं म्हणजे या 'उपजत' शब्दाला विज्ञानात आधार लागतो, तो कोणी तपासतच नाही.

आता फरक आहे का, तर आहे. युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक सर्वेक्षणांत प्रदूषण, अणुऊर्जा, हवामान बदल यांची काळजी बायका सरासरीने थोडी जास्त दाखवतात. थोडी, हे लक्षात ठेवा, दोन बायकांमधला फरक याहून कितीतरी मोठा असू शकतो. काही जण म्हणतात की बायकांना विज्ञान कमी कळतं म्हणून त्या घाबरतात. तेही चूक. समाजशास्त्रज्ञ आरॉन मॅक्राइट यांनी २०१० मध्ये गॅलप या सर्वेक्षण संस्थेची अमेरिकेतली आकडेवारी तपासली, तर हवामान बदलाबद्दलची माहिती बायकांची किंचित जास्तच अचूक निघाली, फक्त 'तुम्हाला यातलं किती कळतं' असं विचारल्यावर त्यांनी स्वतःला कमी लेखलं.

पण सर्वेक्षणात बोलणं वेगळं आणि मत देणं वेगळं. आपल्याकडे किती बायकांनी मतदान केलं हे निवडणूक आयोग सांगतो, पण कोणाला केलं हे मतदानोत्तर सर्वेक्षणात त्या जे सांगतील त्यावरूनच ठरवायचं. जर्मनीत मात्र १९५३ पासून एक भन्नाट पद्धत आहे आणि ती मला फार आवडते. देशभरातली काही मतदान केंद्रं नमुना म्हणून निवडतात, आणि तिथल्या मतपत्रिकेवर एक अक्षर छापलेलं असतं, ज्यावरून मतदार स्त्री की पुरुष आणि कोणत्या वयोगटातला एवढंच कळतं. मतदार आला की त्याच्या गटाची मतपत्रिका त्याला द्यायची. बाकी सगळं गुप्त. निवडलेल्या केंद्रात निदान ४०० मतदार हवेत म्हणजे गटात कोणी एकटा सापडत नाही, आणि मतदार यादी व मतपत्रिका या कामासाठी कधीच एकत्र आणत नाहीत. म्हणजे इथे कोणी काय सांगितलं हा प्रश्नच नाही, खरी टाकलेली मतं मोजलेली आहेत.

आणि ती मतं काय म्हणतात? १९५० आणि ६० च्या दशकांत जर्मन बायका पुरुषांपेक्षा जास्त प्रमाणात पुराणमतवादी सीडीयू पक्षाला मत देत होत्या. १९८० मध्ये पर्यावरणवादी ग्रीन पक्ष स्थापन झाला, १९८३ मध्ये ५.६ टक्के मतं घेऊन संसदेत गेला, पेट्रा केली ही बाई त्याचा सगळ्यात ओळखीचा चेहरा, आणि तरी तेव्हा ग्रीनला मत देणाऱ्यांचं प्रमाण पुरुषांत जास्त होतं! मग १९९४ आणि १९९८ ला ही मोजणी कायद्यानेच बंद ठेवली, २००२ ला परत सुरू झाली तेव्हा बायका पुढे गेलेल्या होत्या, आणि त्यानंतर त्या पुढेच आहेत. वीस वर्षांत कोणाचे जीन्स बदलत नाहीत.

मग १९८३ मध्ये बायकांना काय झालं होतं? इथे वयाचा खेळ आहे, जरा नेटाने वाचा. समजा (आकडे काल्पनिक आहेत) तरुणांपैकी १० टक्के ग्रीनला मत देतात आणि म्हाताऱ्यांपैकी १ टक्का, आणि यात स्त्री-पुरुष असा काहीच फरक नाही. आता पुरुष मतदारांत तरुण आणि म्हातारे निम्मेनिम्मे असतील तर पुरुषांची सरासरी साडेपाच टक्के येते. पण बायकांत ४० टक्के तरुण आणि ६० टक्के म्हाताऱ्या असतील तर त्यांची सरासरी ४.६ येते. म्हणजे एकाही गटात फरक नसताना एकूण आकड्यात फरक दिसला. जर्मनीत युद्धात पुरुषांची पिढी गारद झालेली, त्यामुळे साठीच्या पुढच्या मतदारांत बायका खूपच जास्त होत्या, आणि ग्रीनचे मतदार तर बहुतेक तरुण. सगळा फरक यानेच पडला असं मी म्हणत नाही, पण मतपत्रिकेवर लिंगाबरोबर वयही का हवं ते यावरून कळतं. नुसत्या 'बायका विरुद्ध पुरुष' आकड्यावरून स्वभाव काढायला जाल तर फसाल.

अमेरिकेतला पुरावा तर याहून पक्का आहे. १९९४ मध्ये जेम्स फ्लिन, पॉल स्लोव्हिक आणि सी. के. मर्ट्झ यांनी १५०० हून जास्त लोकांना पर्यावरण आणि आरोग्याच्या २५ धोक्यांबद्दल विचारलेलं प्रसिद्ध केलं. गोऱ्या पुरुषांना प्रत्येक धोका इतरांपेक्षा कमी वाटला. गोरेतर पुरुष मात्र बायकांच्याच जवळपास होते, आणि उपजत वगैरे थिअरी खरं तर इथेच संपते. पुढे त्यांनी आणखी खणलं तर कळलं की सगळे गोरे पुरुषही तसे नाहीत, साधारण ३० टक्के लोक सरासरी खाली ओढतायत, आणि ते जास्त शिकलेले, जास्त कमावणारे, राजकीयदृष्ट्या उजवीकडे झुकलेले आणि तज्ज्ञांवर व सरकारी यंत्रणेवर भरवसा असलेले होते. ते बाजूला काढले तर उरलेल्या गोऱ्या पुरुषांचं मत बाकी लोकांपेक्षा फारसं वेगळं नव्हतं. ज्याच्या हातात कारभार आणि फायदा, त्याला धोका लहान दिसतो, ज्याच्या अंगावर तो येणार त्याला मोठा दिसतो, असा मी याचा अर्थ लावते. २०११ मध्ये स्वीडनमध्ये ॲना ओलोफसन आणि सामन रशीद यांनी हेच तपासलं तर स्त्री-पुरुषांत लक्षणीय फरक सापडलाच नाही, परदेशी मूळ असलेले आणि नसलेले यांच्यात मात्र सापडला. तिथे स्त्री-पुरुष समानता बरीच पुढे गेलेली आहे, हे या निष्कर्षाशी जुळतं.

चिपकोचं उदाहरण त्या मेसेजमध्ये हमखास असतं म्हणून तेही सांगते. २६ मार्च १९७४ ला रेणी गावात गौरा देवी आणि गावातल्या बायका ठेकेदाराच्या माणसांसमोर उभ्या राहिल्या, कारण गावातले पुरुष त्या दिवशी भरपाईच्या कामासाठी बाहेर होते, आणि लाकूडफाटा, चारा, पाणी हे रोजचं काम त्यांच्याच डोक्यावर होतं. १९७० चा अलकनंदेचा पूरही त्या भागाने सोसलेला होता. जंगल गेलं की काय होणार हे त्यांना अनुभवातून माहीत होतं, आणि ती हिंमत त्यांची स्वतःची होती, तिला हार्मोन्स चिकटवणं मला अन्यायाचं वाटतं.

जर्मनीचं पुढे काय? २०२१ मध्ये ग्रीनला १४.८ टक्के मतं मिळाली, २०२५ मध्ये ११.६, आणि या वेळी २५ च्या आतल्या मुलींची सगळ्यात जास्त मतं ग्रीनला नाही, डाव्या 'डी लिंके' पक्षाला गेली, त्याच वयाच्या मुलांमध्ये मात्र अतिउजव्या एएफडीचा जोर होता. हवामानाचीच काळजी असलेल्या मुलींनी पक्ष बदलला का घरभाडं आणि महागाई जास्त टोचली, हे अक्षर छापलेली मतपत्रिका सांगू शकत नाही, त्यासाठी परत सर्वेक्षणाकडेच जायला लागतं.