पॅचचे घड्याळ फ्रेममध्ये चालते

नोडच्या साधनांत व्हिडिओवर प्रक्रिया करायला कोड लिहावा लागत नाही. पडद्यावर डबे (हेच नोड) मांडायचे, तारांनी जोडायचे. या जोडणीला ‘पॅच’ म्हणतात आणि हा शब्द खऱ्याखुऱ्या केबलींवरून आला आहे. डॅन सँडिन यांनी १९७१ ते १९७३ या काळात शिकागोमध्ये बांधलेल्या इमेज प्रोसेसरमध्ये एका यंत्रभागातून दुसऱ्यात केबल खोचूनच चित्र बदलत असे. पुढे मिलर पकेट यांनी आधी मॅक्स आणि नंतर प्युअर डेटा ही साधने घडवली, तेव्हा केबली पडद्यावर आल्या. प्युअर डेटा मुक्त आहे आणि त्याला ‘जेम’ जोडले की व्हिडिओही हाताळता येतो. तरी पहिल्यांदा शिकणाऱ्याने टचडिझायनर घ्यावे, असे मी सांगेन. त्यातल्या प्रत्येक डब्यावर त्या टप्प्याचे चित्र हलताना दिसते, त्यामुळे चूक कुठे झाली ते डोळ्यांनीच कळते. अव्यावसायिक वापरासाठी ते मोफत आहे. त्या आवृत्तीत चित्र १२८० बाय १२८० पिक्सेलपर्यंतच जाते, पण शिकण्यासाठी तेवढे भरपूर झाले.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करावी. तारेतून व्हिडिओची फाइल वाहत नाही, एका वेळी एकच फ्रेम, म्हणजे एक स्थिर चित्र, वाहते. प्रोजेक्टचा वेग मुळात सेकंदाला ६० फ्रेम असतो, म्हणजे सगळ्या डब्यांना मिळून दर फ्रेममागे १६.७ मिलिसेकंद मिळतात. कोणता डबा किती वेळ खातो ते त्यावर माउसचे मधले बटण दाबून धरले की दिसते. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

पहिला पॅच फीडबॅकचा, म्हणजे निघालेले चित्र पुन्हा आत फिरवण्याचा, करावा, कारण या साधनांची खरी ताकद तिथे उघडते. टॅब दाबून ‘टॉप’ या चित्रांवर काम करणाऱ्या डब्यांच्या गटातून ‘मूव्ही फाइल इन’ घ्या आणि काळ्या पार्श्वभूमीवर उजळ वस्तू हलते आहे असा व्हिडिओ त्यात भरा. त्याची तार ‘फीडबॅक’ला, तिथून उजेड बदलणाऱ्या ‘लेव्हल’ला आणि पुढे दोन चित्रे एकत्र करणाऱ्या ‘कॉम्पोझिट’ला जोडा. मूळ व्हिडिओची दुसरी तार थेट कॉम्पोझिटमध्ये आणा आणि तिथली क्रिया ‘मॅक्सिमम’ ठेवा. लेव्हलमधली ओपॅसिटी ०.९५ करा. आता कॉम्पोझिटचा डबा उचलून फीडबॅकच्या ‘टार्गेट टॉप’ या रकान्यात सोडा. वस्तूमागे विरत जाणारी शेपटी दिसू लागेल. खोलीतला उजळ व्हिडिओ वापरला तर शेपटी जवळजवळ दिसतच नाही. मॅक्सिमम दोन चित्रांतला उजळ पिक्सेल निवडते, त्यामुळे पांढऱ्या भिंतीपुढे मंद शेपटीचा निभाव लागत नाही.

मॅक्सिममच्या जागी ‘अ‍ॅड’ ठेवले की बहुतेकांचा पडदा पांढराफटक होतो. दर फेरीला जुन्या चित्राचा ०.९५ भाग उरतो आणि त्यात नवे चित्र मिळते. ही बेरीज स्थिर उजेडासाठी १ भागिले ०.०५, म्हणजे २० पटींवर जाऊन थांबते. म्हणून अ‍ॅड वापरायचे असेल, तर मूळ चित्राचा उजेड आधी त्या प्रमाणात उतरवावा.

शेपटीची लांबी मोजताही येते. ०.९५ वर तिचा उजेड साधारण साडेतेरा फ्रेममध्ये निम्मा होतो, ०.९८ वर सुमारे ३४ फ्रेममध्ये. सेकंदांचा इथे संबंधच नाही. संगणक दमून ६० वरून ३० फ्रेमवर आला, तर तीच शेपटी दुप्पट वेळ रेंगाळते. घरी सुंदर दिसलेला पॅच दुसऱ्या संगणकावर चिखलासारखा का दिसतो, याचे उत्तर बहुधा हेच असते.

०.९८ वर आणखी एक त्रास होतो. शेपटी विरते, पण राखाडी डाग कायम राहतो. ८ बिटच्या चित्रात उजेड ० ते २५५ अशा पूर्णांकांत साठतो. २४ गुणिले ०.९८ म्हणजे २३.५२, आणि जवळचा पूर्णांक पुन्हा २४! त्यामुळे २४ पासून खालचा उजेड उतरतच नाही. ‘कॉमन’ पानावर पिक्सेल फॉरमॅट १६ बिट फ्लोट (यात अपूर्णांकही साठतात) करा, आणि तेही लेव्हल व कॉम्पोझिट दोन्हींवर. फेऱ्यातला एक डबा जरी ८ बिटचा राहिला, तरी डाग परत येतो.

दुसरा पॅच हालचाल मोजण्याचा. व्हिडिओ ‘मोनोक्रोम’मधून काढून थोडा ‘ब्लर’ करा, म्हणजे कॅमेऱ्याचे कण हालचाल म्हणून मोजले जाणार नाहीत. त्याची एक तार ‘कॅश’मध्ये घालून आउटपुट इंडेक्स उणे १ ठेवा, म्हणजे मागची फ्रेम मिळेल. आताची आणि मागची फ्रेम ‘डिफरन्स’ला जोडा, पुढे ‘थ्रेशोल्ड’ ०.१ च्या आसपास (त्याहून जास्त बदललेला पिक्सेल पांढरा, बाकी काळे), मग ‘अ‍ॅनलाइझ’मध्ये सरासरी. ०.०३ आले तर ३ टक्के पिक्सेल बदलले. हा आकडा ‘टॉप टू चॉप’ने (चॉप म्हणजे आकड्यांवर काम करणारे डबे) बाहेर काढून हवा तिथे वापरता येतो. क्रम मात्र बदलू नका. अ‍ॅनलाइझच्या आधीच चॉप केले, तर १२८० बाय ७२० च्या चित्रातले ९,२१,६०० पिक्सेल दर फ्रेमला ग्राफिक्स कार्डावरून प्रोसेसरकडे ओढावे लागतात आणि सगळा पॅच अडखळतो.

कॅमेरा वापरत असाल तर त्याचे आपोआप एक्स्पोजर बंद करा, नाहीतर कुणी समोरून गेले की अख्खे चित्र ‘हलते’.

आणि आकडा सारखा शून्यावर आपटत असेल, तर पॅच चुकला असे समजून तो मोडू नका. २५ फ्रेमचा व्हिडिओ ६० च्या प्रोजेक्टमध्ये चालतो, तेव्हा प्रत्येक फ्रेम दोनदा किंवा तीनदा येते. दर सेकंदाच्या ६० तुलनांपैकी ३५ वेळा फ्रेम स्वतःशीच ताडली जाते आणि फरक शून्य निघतो. खाली टाइमलाइनशेजारी प्रोजेक्टचा वेग २५ करा. थोडी थरथर उरलीच, तर चॉपनंतर आकड्याचे चढउतार संथ करणारा ‘लॅग’ लावून ०.२ सेकंदाने सुरुवात करा.