एकाच लॅन कार्डावर दोन नेटवर्क : सर्व्हरला व्हीलॅन लावून घेण्याआधी हे वाचा

एमआयडीसीत कुठल्याही कारखान्यात जा, बिलिंगचे कॉम्प्युटर, कॅमेरे आणि पार्ट्यांसाठीचं वायफाय सगळं एकाच नेटवर्कात कोंबलेलं असतं, मग बाहेरचा व्यापारी चहा पिता पिता मोबाईल जोडून बसला की त्याला आपला टॅलीचा सर्व्हर पण दिसतो. हे वेगळं करायला नवीन केबल ओढायला नको की सर्व्हरला जादा लॅन कार्ड नको, आहे त्याच कार्डावर व्हीलॅन, म्हणजे एकाच वायरीत वेगवेगळी ठेवलेली नेटवर्कं, होतात.

चादरीचे गठ्ठे बघा की. टेम्पो एकच, पण प्रत्येक गठ्ठ्यावर पार्टीची चिठ्ठी, ती बघून माल उतरतो. इथं डेटाच्या प्रत्येक फ्रेमला, म्हणजे तुकड्याला, 4 बाइटची चिठ्ठी लागते, तिला टॅग म्हणतात आणि त्यात व्हीलॅनचा नंबर असतो, 1 ते 4094 मधला कुठलाही. 1 मात्र सोडा, स्विच नवा आला की सगळे पोर्ट त्यातच असतात. आम्ही बिलिंगला 10, कॅमेऱ्यांना 20, गेस्टला, म्हणजे पार्ट्यांच्या वायफायला, 30 देतो. स्विच मॅनेज्ड, म्हणजे ज्यात आपल्याला सेटिंग करता येतं असा पाहिजे, साध्या स्विचवर हे करायला सांगू नका, आम्ही नाहीच म्हणणार.

सर्व्हरची वायर जिथं लागते तो पोर्ट ट्रंक, म्हणजे टॅगसकट अनेक व्हीलॅन नेणारा करायचा आणि त्यात 10 आणि 20 सोडायचे. मग सर्व्हरवर तेच नंबर टाकायचे, लिनक्स असेल तर कार्डावर प्रत्येक नंबराचा वेगळा इंटरफेस बनतो, विंडोजमध्ये कार्डाच्या सेटिंगमधून किंवा टीमिंगमधून (कार्डं एकत्र जोडायची सोय) होतं, आणि हायपर-व्ही (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवायची विंडोजची सोय) असेल तर मूळ कार्डाला हात लावायचा नाही, नंबर व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंगमध्ये द्यायचा. प्रत्येक व्हीलॅनला आयपीची रेंज वेगळी, पण गेटवे (बाहेर जायचा राऊटरचा पत्ता) एकाच ठिकाणी, दोन्हीकडे टाकला की नेट कधी चालतं कधी नाही.

हमखास होणारी चूक म्हणजे पोर्ट अ‍ॅक्सेसवर (एकाच व्हीलॅनचा, बिनटॅगचा) राहतो आणि सर्व्हर टॅग लावून पाठवतो. लाईट हिरवी, मस्त ब्लिंक होतेय, आणि पिंग (समोरचं मशीन उत्तर देतं का ते बघायची चाचणी) काही लागत नाही, माणूस मग उगाच केबल बदलत बसतो.

गेस्टचा 30 नंबर सर्व्हरला देऊच नका, नाहीतर ज्याच्यासाठी एवढं केलं तेच उघडं. राऊटरमध्ये पण 30 मधून 10 कडे जाणारा रस्ता बंद करून घ्या. आणि यानं स्पीड वाढेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, 1 गिगाबिटची वायर दोघांत वाटूनच वापरायचीय.

आमच्याच पोरानं एकदा ऑफिसात बसून रिमोटवरून चिंचोळीतल्या एका पार्टीच्या सर्व्हरला टॅग लावला, स्विच बदलायचा राहिला होता, ओके दाबलं आणि स्क्रीन तिथंच थांबली. मग भर उन्हात गाडी काढून चिंचोळी. तेव्हापासून हे काम आम्ही सर्व्हरसमोर मॉनिटर-कीबोर्ड लावूनच करतो, बिलिंग बंद झाल्यावर. त्या दिवशी सर्व्हर रूमची चावी कुणाकडे आहे तेवढं आधी कळवा.