नवा पीसी खटकन बंद पडतो: गरमीमुळे की पॉवरमुळे?

नवा असेंबल केलेला पीसी गेम सुरू केल्यावर थोड्या वेळात खटकन बंद पडला, की निदान ठरलेलं असतं: "गरम होतोय." कॅबिनेटला हात लावावा तर ते खरंच गरम लागतं, त्यामुळे शंकाही येत नाही. मग मोठा कूलर येतो, जादा फॅन येतात, प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावायची महागातली थर्मल पेस्ट येते आणि पीसी पुन्हा तसाच बंद पडतो.

बाहेरून अगदी सारखे दिसणारे हे दोन वेगळे बिघाड आहेत. एकात प्रोसेसर हद्दीबाहेर तापतो आणि त्याला वाचवण्यासाठी मदरबोर्ड सगळं बंद करतो. दुसऱ्यात प्रोसेसर निवांत ६५ अंशांवर असतो, पण एसएमपीएसला (पीसीच्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याला) भार झेपत नाही आणि तो स्वतःच बंद होतो. दोन्हींत स्क्रीन काळी, फॅन थांबलेले, आणि एररचा मेसेज वगैरे काहीही नाही.

आधी गरमीचं बघू. हल्लीचा कुठलाही प्रोसेसर तापला म्हणून लगेच बंद पडत नाही. प्रत्येकाला कमाल तापमान ठरवून दिलेलं असतं: एएमडीच्या रायझन ५ ५६०० ला ९० अंश, इंटेलच्या कोअर आय५ १२४०० ला १००. रायझन ७००० मालिकेतले मोठे प्रोसेसर तर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाणारच, तशीच त्यांची रचना आहे, असं एएमडीने २०२२ साली ते बाजारात आणतानाच सांगितलं होतं. त्यामुळे नुसता ९५ चा आकडा बघून घाबरण्यात अर्थ नाही. कमाल तापमान आलं की प्रोसेसर आपला क्लॉक (कामाचा वेग) खाली आणतो, म्हणजे थ्रॉटल होतो. गेम अडखळतो, रेंडरला दुप्पट वेळ लागतो, पण पीसी चालू राहतो. बंद पडण्याची पायरी त्याच्याही पुढची. क्लॉक पाडूनसुद्धा तापमान चढतच राहिलं, तरच ती येते.

म्हणजे कूलर जरासा कमी पडत असेल, तर पीसी मंद होईल, बंद पडणार नाही. तो बंद पडतोय याचा अर्थ प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत जवळजवळ पोचतच नाहीये. नव्या पीसीत असं होण्याचं कारण बहुतेक वेळा बसवण्यातच सापडतं. म्हणूनच गरमीची खात्री पटली तरी लगेच नवा कूलर घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. आहे तोच कूलर काढून बघावा.

काढल्यावर सगळ्यात आधी त्याच्या तळाची पातळ प्लास्टिकची फिल्म बघायची. ती सोलायला विसरणारे खूप असतात. फिल्म नसेल तर पेस्टचा ठसा बघा. कूलर नीट बसला असेल तर प्रोसेसरच्या पत्र्यावर पेस्ट पातळ आणि सगळीकडे पसरलेली दिसते. एका कडेला जाड थर आणि दुसऱ्या कडेला पत्रा कोरा असेल, तर कूलर तिरका बसला होता.

इंटेलच्या बॉक्समध्ये येणाऱ्या कूलरला हा रोग जास्त. त्याला चार पुश-पिन असतात आणि प्रत्येक पिनच्या काळ्या टोपीवर बाण कोरलेला असतो. तो बाण काढण्याच्या दिशेला फिरलेला असेल तर पिन दाबल्यावर "टक" आवाज येतो, पण ती अडकत नाही. कोपऱ्यांच्या क्रमाने एकामागून एक दाबल्या तर शेवटची हमखास वर राहते, म्हणून समोरासमोरच्या तिरक्या जोड्यांनी दाबायच्या. खात्री वरून बघून होत नाही. मदरबोर्ड उलटा करून मागून बघा: चारही भोकांतून प्लास्टिकचे दुभंगलेले पाय बाहेर आलेले हवेत आणि प्रत्येकाच्या मधोमध काळी काडी शिरलेली हवी. एका भोकात काडी दिसत नसेल, तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं. रायझनच्या बॉक्समधला रेथ स्टेल्थ कूलर स्क्रूने बसतो, तिथे ही भानगड कमी. त्यातही चार स्क्रू थोडे थोडे, आलटून पालटून आवळायचे. एकच पूर्ण आवळला की कूलर कलतो.

लिक्विड कूलर असेल तर पंप फिरतोय का, एवढंच आधी बघायचं. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) पंप जोडलेल्या हेडरचा आरपीएम, म्हणजे फिरण्याचा वेग, शून्य दिसत असेल, किंवा भाराखाली एक नळी चांगली गरम आणि दुसरी गारच राहत असेल, तर पाणी फिरत नाहीये.

उन्हाळ्याला दोष देणंही आपल्याकडे सोपं असतं. खोलीचं तापमान जितकं चढतं, साधारण तितकंच प्रोसेसरचंही चढतं. म्हणजे डिसेंबरात २४ अंशांच्या खोलीत ७० वर राहणारा प्रोसेसर मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत ८४ च्या आसपास जाईल. नागपूर-चंद्रपूरकडे हा फरक चांगला जाणवतो, फॅन किंचाळतात. पण नीट बसवलेला पीसी तेवढ्याने बंद पडत नाही.

आता पॉवर. एसएमपीएसमध्ये संरक्षणाची सर्किटं असतात आणि ठरलेल्यापेक्षा जास्त करंट ओढला गेला की ती घरातल्या एमसीबीसारखी पडतात. इथे मंदावणं वगैरे मधली अवस्था नाही. गेम पूर्ण वेगात चालू असतो आणि पुढच्या क्षणी अंधार.

हे नव्या पीसीत घडतं त्याचं नेहमीचं कारण म्हणजे कॅबिनेटसोबत आलेला किंवा बजेटच्या शेवटी उरलेल्या पैशांत घेतलेला एसएमपीएस. खोक्यावर ठळक ४५० वॅट लिहिलेलं असतं, पण खरी गोष्ट त्याच्या अंगावरच्या स्टिकरवर असते. त्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्याखालचे अँपिअर बघा. तिथे १८ असेल, तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही जवळजवळ सगळी वीज याच १२ व्होल्टवरून घेतात. आय५ १२४०० टर्बोत (पूर्ण वेगात) ११७ वॅटपर्यंत जातो आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्डचे १७० वॅट. बेरीज २८७. हा एसएमपीएस ट्रिप झाला तर त्याने आपलं काम चोख केलं म्हणायचं.

चांगल्या कंपनीचा, पुरेशा वॅटचा एसएमपीएसही ट्रिप होऊ शकतो, कारण ग्राफिक्स कार्डचा वॅटचा आकडा सरासरी असतो. क्षणभरासाठी ते त्याच्या बरंच वर उसळी मारतं. २०२० साली आरटीएक्स ३०८० आणि ३०९० ही कार्डं आली, तेव्हा भल्याभल्या एसएमपीएसवर हा त्रास दिसला. पुढे २०२२ मध्ये एसएमपीएससाठीचं एटीएक्स ३.० मानक आलं. ग्राफिक्स कार्डासाठी बनवलेल्या एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट उसळी १०० मायक्रोसेकंद सोसली पाहिजे, असं त्यात घातलं गेलं. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये ही उसळी दिसत नाही, त्यामुळे "मी बघितलं, ३०० वॅटच घेत होता" हे म्हणणं खरं असूनही उपयोगाचं नाही.

मग ओळखायचं कसं? मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो लॉग. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर सेन्सरचे आकडे फाइलमध्ये लिहून ठेवतं. नोंदीचं अंतर दोन सेकंदांवरून एकावर आणा, लॉगिंग चालू करा आणि पीसी बंद पडेपर्यंत वापरा. नंतर ती फाइल एक्सेलमध्ये उघडून शेवटच्या ओळी बघा. गरमी असेल तर प्रोसेसरचं तापमान ८८, ९४, ९९, १०० असं चढताना आणि शेजारच्या रकान्यात क्लॉक ४००० मेगाहर्ट्झवरून धाडधाड खाली येताना दिसेल. पॉवर असेल तर ६४, ६६, ६५, क्लॉक जागच्या जागी, आणि फाइल तिथेच तुटलेली. शेवटची एखादी ओळ गळू शकते, पण त्याने चित्र बदलत नाही.

लॉग न काढताही एक खूण मिळते. बंद पडल्यावर लगेच बटण दाबा. गरमीने बंद पडलेला पीसी बहुधा चालू होतो, पण आतलं सगळं तापलेलंच असल्याने या वेळी आधीपेक्षा लवकर बंद पडतो. बऱ्याच मदरबोर्डवर चालू होताना सीपीयू ओव्हर टेंपरेचरचा इशाराही येतो. तो आला तर विषय संपला, मात्र आला नाही म्हणून गरमी नव्हती असं ठरत नाही. ट्रिप झालेला एसएमपीएस पुष्कळदा बटणाला दादच देत नाही. मागचा स्विच बंद करून, थोडं थांबून पुन्हा चालू केल्यावरच जागा होतो.

शंका उरलीच, तर भार वेगळे करा. सिनेबेंच या सॉफ्टवेअरची सीपीयू चाचणी फक्त प्रोसेसरला राबवते, फरमार्क हे सॉफ्टवेअर मुख्यतः ग्राफिक्स कार्डला. दोन्ही एकेकटे व्यवस्थित चालतात आणि एकत्र लावल्यावर पीसी जातो, तेव्हा संशय एसएमपीएसवर. एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डची पॉवर लिमिट (वीज घेण्याची मर्यादा) ७० टक्क्यांवर आणून बंद पडणं थांबलं, तर तो संशय बळावतो. कॅबिनेटची बाजू उघडून समोर टेबल फॅन लावल्याने फरक पडला, तर पुन्हा गरमीकडे वळा.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरकडून मात्र अपेक्षा ठेवू नका. तिथे "कर्नल-पॉवर ४१" ही नोंद सापडते आणि त्यातला पॉवर शब्द वाचून लोक एसएमपीएस बदलतात. विंडोज नीट शटडाउन झालं नव्हतं, एवढाच तिचा अर्थ. चालू पीसीची पिन सॉकेटमधून उपटली तरी तीच नोंद येते.

आपल्याकडे आणखी एक तोतया असतो, तो म्हणजे यूपीएस. ६०० व्हीए लिहिलेला यूपीएस साधारण ३६० वॅटचाच असतो आणि त्याला मॉनिटरही जोडलेला असतो. गेम चालू असताना व्होल्टेज जरा हललं, यूपीएस बॅटरीवर गेला, की एवढा भार उचलता न आल्याने तो सगळंच सोडून देतो. "संध्याकाळीच बंद पडतो" अशी तक्रार असेल तर पीसी एक दिवस यूपीएसशिवाय, थेट भिंतीच्या सॉकेटवर चालवून बघा.

एक प्रकार मात्र खरोखर दोन्हींच्या मधला आहे: एसएमपीएस स्वतः तापून बंद पडणं. त्याचा फॅन कॅबिनेटच्या तळाच्या जाळीतून हवा ओढतो. तो उलटा, बंद पत्र्याकडे तोंड करून बसवलेला असेल किंवा कॅबिनेट सतरंजीवर ठेवलेलं असेल, तर लॉगमध्ये प्रोसेसर थंड दिसतो आणि तरी बंद पडायला दर वेळी अर्धा-पाऊण तास लागतो. इथे एसएमपीएस बदलायची गरज नाही, उलटा करून बसवला किंवा खालची जागा मोकळी केली की पुरे.

एसएमपीएस बदलायचाच ठरला आणि तो मॉड्युलर (केबल सुट्या काढता येणारा) असला, तर जुन्या केबल जागीच ठेवून फक्त डबा बदलायचा मोह होतो. तो टाळा. मदरबोर्डच्या आणि ड्राइव्हच्या बाजूचे प्लग सगळ्यांचे सारखे असतात, पण एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही वेगळी असते. प्लग बरोबर बसतो, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन एसएसडी आणि हार्ड डिस्क जळून जातात.