लपायचा रंग, दिसायचा रणगाडा: स्ट्रॅटेजी गेममधल्या स्किनची पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धावरच्या स्ट्रॅटेजी गेमसाठी रणगाड्याची स्किन, म्हणजे त्याच्या मॉडेलवर चढवायचे रंगचित्र, करायला घेतली की पहिल्याच तासात एक विसंगती समोर येते. ज्या रंगयोजनेची नक्कल करायची ती मुळात रणगाडा दिसू नये म्हणून आखलेली. गेममध्ये मात्र तोच रणगाडा उंचावरून, क्षणभरात, झाडाझुडपांत आणि धुरात ओळखू यायला हवा. या ओढाताणीतून प्रत्येक पिढीने आपापली वाट काढली आणि स्किनचा इतिहास बराचसा त्या वाटांचाच आहे.

सुरुवात खऱ्या रंगापासून करू. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्लेर्स-कूर्सलेत इथे ब्रिटिशांचे मार्क १ रणगाडे पहिल्यांदा लढाईत उतरले, तेव्हा त्यांच्या अंगावर अनेक रंगांचे पट्टे होते. ती योजना सॉलोमन जे. सॉलोमन या चित्रकाराची. खंदकांतल्या चिखलाने हे रंग पाहता पाहता झाकून टाकले आणि ब्रिटिश पुढे एकाच तपकिरी छटेवर आले. चिखल हा कोणत्याही रंगयोजनेवरचा शेवटचा थर, ही गोष्ट स्किन करणारे आजही विसरतात. सगळे डाग कोरीव आणि ताजे ठेवले की रणगाडा खेळण्यातला वाटतो.

जर्मन रंगांकडे लोकांचा ओढा सर्वात जास्त, आणि गोंधळही तिथेच सर्वात जास्त. १९३७ पासूनचा नियम गडद राखाडीवर गडद तपकिरी ठिगळांचा होता. साधारण दोन भाग राखाडी, एक भाग तपकिरी. जुलै १९४० मध्ये तपकिरी रंग बंद झाला आणि नुसता राखाडी उरला. 'राल' या जर्मन रंगक्रमांकांच्या आजच्या यादीत तो राल ७०२१ आहे. या दोन रंगांच्या उजेडपणात फरक इतका कमी की कृष्णधवल फोटोत तपकिरी ठिगळ दिसतच नाही. त्यामुळे १९३९ च्या पोलंड मोहिमेतले रणगाडे सपाट राखाडी होते असा समज कित्येक दशके टिकला. मॉडेल-किटच्या डब्यांवर तो आला, तिथून जुन्या गेममध्ये उतरला. आज १९३९ चे पँझर ३ रंगवताना तपकिरी घातला तर 'हे चूक आहे' असे सांगणारे अजून भेटतात. तपकिरी घालावाच, पण राखाडीपेक्षा जेमतेम वेगळा.

फेब्रुवारी १९४३ मध्ये मूळ रंग गडद पिवळा, म्हणजे राल ७०२८ झाला. हिरवा राल ६००३ आणि लालसर तपकिरी राल ८०१७ हे तुकड्यांना घट्ट पेस्टच्या रूपात, २ आणि २० किलोच्या डब्यांत मिळू लागले. पेस्ट पातळ करायला पाणी किंवा पेट्रोल, जे हाताशी असेल ते. पेट्रोलने केलेला रंग दाट आणि टिकाऊ, पाण्याने केलेला फिका आणि पावसात ओघळणारा. एकाच लष्करी तुकडीतल्या दोन वाहनांच्या छटा म्हणूनच जुळत नसत. 'अस्सल' आरजीबी (लाल-हिरवा-निळा) आकडा विचारणाऱ्यांना याच कारणाने एक आकडा देता येत नाही. एक पट्टा देता येतो, आणि त्या पट्ट्यात गेमच्या उजेडाला शोभेल ती छटा निवडावी लागते.

ऑगस्ट १९४४ पासून हे तीन रंग कारखान्यातच लागू लागले. त्यातला एक प्रकार म्हणजे 'अँबुश' योजना: ठिगळांवर विरोधी रंगाचे बारीक ठिपके, पानांतून झिरपणाऱ्या उन्हासारखे. ही योजना स्किन करणाऱ्यांची लाडकी आणि स्ट्रॅटेजी गेममध्ये सर्वात हमखास फसणारी. का फसते ते पुढे येईल.

रंगाची तारीख आणि सांगाड्याची तारीख जुळणे हा वेगळाच सापळा. चुंबकी सुरुंगांविरुद्ध लावायचा झिमेरिटचा खरबरीत लेप कारखान्यांत १९४३ च्या उत्तरार्धापासून सप्टेंबर १९४४ पर्यंत दिला जात होता. गेममधल्या जर्मन पँथर रणगाड्याच्या नॉर्मल मॅपमध्ये, म्हणजे पृष्ठभागाचा उंचसखलपणा दाखवणाऱ्या चित्रात, झिमेरिटच्या रेघा असतील, तर त्यावर १९४५ च्या कारखान्यातला रंग कितीही सुरेख चढवला तरी तो विजोड दिसतो. उलट, पँथर लढाईत उतरला तोच जुलै १९४३ मध्ये कुर्स्कला. त्याला सपाट राखाडी देणे म्हणजे हौसच.

इतर सैन्यांचे तुलनेने सोपे. सोव्हिएत रणगाडे बहुतांशी ४बीओ या एकाच हिरव्यात, हिवाळ्यात वरून धुऊन निघणारा पांढरा. अमेरिकी रणगाडे ऑलिव्ह ड्रॅब या मळकट हिरव्यात. ब्रिटिशांची उत्तर आफ्रिकेतली कॉन्टर योजना मात्र मजेदार आहे: १९४०-४१ मधले सरळ कडांचे तिरके पट्टे, तीन रंगांत. त्यातला एक रंग फिका निळा असल्याचे संग्रहालयातल्या एका रंगवलेल्या माटिल्डा रणगाड्यामुळे पक्के झाले होते. तो प्रत्यक्षात सिल्व्हर ग्रे, म्हणजे हिरवट झाक असलेला राखाडी. जुन्या स्किन-पॅकमध्ये निळा माटिल्डा दिसला तर चूक कुठून आली ते यावरून कळते.

आता पडद्याकडे. १९९० च्या दशकातल्या गेममध्ये रणगाडा म्हणजे स्प्राइट, सपाट चित्रांची मालिका. २५६ रंगांच्या पॅलेटमधले काही रंग बाजू दाखवण्यासाठी राखीव. 'कमांड अँड कॉन्कर'मध्ये (१९९५) अशा १६ जागा होत्या. त्या जागांवर दुसरे रंग बसवले की तेच चित्र शत्रूचे होई. कॅमोफ्लाज करायचा तर दिशेगणिक वेगळे चित्र रंगवायचे. सोळा दिशा आणि टरेट (तोफेचा फिरता बुरूज) वेगळा असला की बत्तीस चित्रे, आणि त्यातले एक ठिगळ एका दिशेत दोन पिक्सेल सरकले की वळताना रणगाडा लुकलुकतो. 'पँझर जनरल २' (१९९७) सारख्या षट्कोनी नकाशाच्या गेमसाठी चाहत्यांनी याच कष्टाने आयकन बनवले.

त्रिमितीत आल्यावर सूत्र बदलले. एकच उलगडलेले टेक्स्चर, म्हणजे मॉडेलवर गुंडाळायचे सपाट चित्र, रंगवायचे, बाकी गेमचे इंजिन (पडद्यावर दृश्य उभे करणारी प्रणाली) पाहते. 'कॉम्बॅट मिशन: बियाँड ओव्हरलॉर्ड'ने (२०००) नकळत मोठी सोय केली. टेक्स्चर साध्या बीएमपी फायलींत, नुसत्या क्रमांकांनी, एका फोल्डरमध्ये उघडी पडलेली होती. कोणता क्रमांक कोणत्या वाहनाची कोणती बाजू, याच्या याद्या चाहत्यांनी तयार केल्या. फाइल त्याच नावाने बदलायची, बस. तोटाही त्यातच. मूळ फाइल मिटते, आणि हिवाळी स्किन काढून उन्हाळी बसवायची तर आधीची प्रत जपलेली हवी.

यानंतर पेटाऱ्यांचा, म्हणजे अनेक फायली एकात बांधलेल्या फायलींचा, काळ आला. 'मेन ऑफ वॉर'च्या (२००९) पीएके फायली म्हणजे नाव बदललेल्या झिप फायलीच, त्यामुळे काम सोपे. 'कंपनी ऑफ हीरोज'ने (२००६) टेक्स्चर आरजीटी या स्वतःच्या स्वरूपात, एसजीए पेटाऱ्यात ठेवली. ती उपसून, डीडीएस किंवा टीजीए या चित्रफायलींच्या स्वरूपांत बदलून, रंगवून पुन्हा आरजीटी करावी लागत. या द्राविडी प्राणायामातून चाहत्यांची साधने निघाली. पुढे २०११ मध्ये स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाचे वर्कशॉप आले आणि स्किन वाटणे एका टिचकीवर आले. 'कंपनी ऑफ हीरोज २' (२०१३) मध्ये तर प्रकाशकानेच स्किन विकायला काढल्या, हलकी, मध्यम, अवजड अशा वाहनवर्गांप्रमाणे. कॅमोफ्लाजची बाजारपेठ झाली ती इथे.

या साऱ्याच्या तळाशी एक तांत्रिक निर्णय आहे, आणि स्किनमधले निम्मे दोष त्यातून येतात. १९९८ च्या सुमारास एस३ कंपनीचे टेक्स्चर-कॉम्प्रेशन (चित्र लहान जागेत दाबून साठवणे) मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्स या ग्राफिक्स प्रणालीत आले. डीएक्सटी१, डीएक्सटी५ ही त्याचीच नावे. १०२४ बाय १०२४ चे ३२ बिटी टेक्स्चर ४ एमबी घेते. डीएक्सटी५ मध्ये ते १ एमबी आणि डीएक्सटी१ मध्ये ५१२ केबी होते. किंमत अशी की प्रतिमेचे ४ बाय ४ पिक्सेलचे चौकोन पडतात, प्रत्येक चौकोनात दोनच खरे रंग साठतात आणि उरलेले दोन त्यांच्यामधले मिश्रण असतात. राखाडी-तपकिरीला हे चालते. पण पिवळा, हिरवा आणि लालसर तपकिरी एकाच चौकोनात आले की तिसरा रंग त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेवर बसत नाही आणि मळकट होतो. १९४३ ची तिरंगी योजना या पद्धतीचा सर्वात वाईट नमुना आहे. उपाय: तिन्ही रंग एका बिंदूत मिळू देऊ नयेत, हिरव्या-तपकिरीमध्ये निदान ५-६ पिक्सेल पिवळा सोडावा, स्प्रेची कड ३-४ पिक्सेल मऊ ठेवावी. गेमचे इंजिन बीसी७ हे नंतरचे कॉम्प्रेशन घेत असेल तर हा त्रास जवळपास संपतो.

राखाडीची अडचण वेगळी. डीएक्सटीमध्ये लाल आणि निळ्याला ५ बिट, हिरव्याला ६. गडद राखाडी गोल होताना कधी हिरवट, कधी जांभळट झाक घेतो. बरोबर बसणारेच आकडे निवडले तर हे टळते: ७४, ७७, ८२ हा निळसर राखाडी घट न होता साठतो. आजच्या राल ७०२१ चे आकडे ५० च्या आसपास येतात, पण गेमच्या सावलीत तो थेट काळा पडतो. म्हणून तो मुद्दाम उजळावा लागतो. मॉडेल बनवणारेही लहान प्रमाणासाठी रंग उजळतात, त्याच कारणाने.

अँबुश योजना इथेच मरते. स्ट्रॅटेजी गेमच्या नेहमीच्या उंचीवरून रणगाडा पडद्यावर शंभरेक पिक्सेलचा दिसतो. इंजिन तेव्हा १०२४ चे टेक्स्चर वापरत नाही. त्याची आधीच लहान केलेली प्रत, म्हणजे मिपमॅप, वापरते. १२८ च्या प्रतीत मूळचे ८ बाय ८ पिक्सेल मिळून एक होतात. तीन पिक्सेलचा ठिपका त्यात विरघळतो आणि उरतो खाकी गाळ. रंगवत असतानाच प्रतिमा १२८ वर आणून पाहण्याची सवय लावावी. डीडीएसमध्ये प्रत्येक मिपमॅप स्वतंत्र ठेवता येतो, तेव्हा लहान प्रतींत ठिगळांचा विरोध हाताने वाढवणे हा जुना आणि प्रामाणिक उपाय आहे. मिपमॅप बनवायलाच विसरलात तर दूरवरचा रणगाडा मुंग्या आल्यासारखा चमचमतो.

प्रमाण मोजून घ्यावे. टायगर १ चा सांगाडा तोफ सोडून ६.३ मीटर. टेक्स्चरवर ती बाजू ६३० पिक्सेल असेल तर १ पिक्सेल म्हणजे १ सेंटिमीटर, आणि स्प्रेगनचा १० सेंटिमीटरचा पट्टा १० पिक्सेल. हे न मोजल्यामुळे टरेटवरची ठिगळे सांगाड्यावरच्या ठिगळांच्या दुप्पट होतात.

थरांचा क्रम: मूळ रंग, मग ठिगळे, मग क्रमांक आणि चिन्हे, मग खरचटे, शेवटी धूळ-चिखल, तोही मुख्यतः खालच्या तिसऱ्या भागात. मूळ टेक्स्चरमध्ये भाजलेल्या, म्हणजे चित्रातच पक्क्या केलेल्या, सावल्या आणि खिळे असतात. ते सरळ रंगवून झाकू नयेत. मूळ प्रतिमा रंगहीन करावी, चित्र-संपादकातल्या लेव्हल्सने तिचा मध्य १२८ वर आणावा आणि ओव्हरले थर म्हणून सर्वात वर ठेवावी. १२८ चा राखाडी तिथे काहीच बदलत नाही, फक्त उजेड-अंधार उरतो.

दोष नेहमीचेच. डाव्या-उजव्या बाजूला एकच टेक्स्चर वापरले असेल तर एका बाजूचा क्रमांक आरशातला होतो. अशा वेळी क्रमांक नकोच, किंवा गेम वेगळे डीकल (वरून चिकटवायचे चित्र) देत असेल तिथे घालावा. टेक्स्चरच्या अल्फा चॅनलमध्ये, म्हणजे तीन रंगांपलीकडच्या चौथ्या थरात, बाजूच्या रंगाचा किंवा चकाकीचा मुखवटा असतो. फाइल डीएक्सटी१ मध्ये जतन केली की तो जातो, आणि अख्खा रणगाडा काचेसारखा चमकतो किंवा संघाच्या रंगात न्हातो. नष्ट झालेल्या रणगाड्याचे टेक्स्चर बहुधा वेगळे असते. ते रंगवायचे राहिले तर बर्फातला पांढरा टायगर जळाल्यावर अचानक पिवळा होतो.

प्रामाणिक खेळाचा प्रश्नही जुनाच. बहुतेक स्ट्रॅटेजी गेम मल्टिप्लेअरमध्ये फक्त आज्ञा पाठवतात आणि प्रत्येक संगणक लढाई स्वतः चालवतो, म्हणून तुमची स्किन तुम्हालाच दिसते. तिचा गैरवापरही त्यामुळेच होतो: शत्रूचे रणगाडे झगझगीत केशरी केले की झुडपातला पँझर लपू शकत नाही. काही गेम फायलींची पडताळणी करतात ते याचसाठी.

आणि दिसण्या-लपण्याचा हा झगडा काही गेमनेच आणला असे नाही. १९३९ मध्ये पोलंडमध्ये जर्मन रणगाड्यांवरचे ठळक पांढरे क्रॉस शत्रूच्या तोफचींना नेम धरायला इतके सोयीचे ठरले की चालकांनी ते चिखलाने माखले किंवा रंगाने बुजवले. त्याच वेळी स्वतःच्या विमानांचे बॉम्ब चुकवायला इंजिनच्या झाकणावर राष्ट्रध्वज पसरले जात. दोस्त राष्ट्रांनी वर्तुळातला पांढरा तारा रणगाड्याच्या वरच्या पत्र्यावर रंगवला तो वैमानिकासाठी, आणि स्ट्रॅटेजी गेमचा खेळणारा नेमका त्याच जागेवरून पाहतो. त्यामुळे संघाचा भडक रंग टरेटच्या कडेला फासण्यापेक्षा इंजिनच्या झाकणावर तारा किंवा ध्वज द्यावा. बाजूचे पत्रे मग हवे तितके मळकट ठेवता येतात.