मत माणसाला, गाईला नाही: शेतकरी सोसायट्यांचे नियम कुठून आले

सोसायटीची वार्षिक सभा म्हटलं की बहुतेकांना एकच चित्र आठवतं, अहवाल वाचला जातो, मंजूर मंजूर म्हणतात आणि सगळे उठतात. पोटनियमांचं पुस्तक तर कुणी उघडतही नाही. पण एक मत, ऑडिट, संचालकांची मुदत, राखीव निधी हे नियम कुणीतरी नीट विचार करून, बऱ्याचदा हात पोळल्यावर लिहिलेत, म्हणून त्यांच्या मागची गोष्ट सभासदाला माहीत असावी असं मला मनापासून वाटतं.

शेतीच्या संस्था तशा सहकारापेक्षा जुन्या. स्कॉटलंडमध्ये 1723 साली एडिंबरोत शेती सुधारणेसाठी अशी सोसायटी निघाली, आपल्याकडे विल्यम कॅरी यांनी 1820 मध्ये कलकत्त्याला शेती आणि बागायतीची सोसायटी काढली. वर्गणी, निवडलेली कमिटी, सभेची नोंद या सवयी तिथूनच दिसतात. 1838 साली इंग्लंडमध्ये मोठी शेती सोसायटी स्थापन झाली तेव्हा राजकारणाची चर्चा इथे करायची नाही असं सुरुवातीलाच ठरवलं होतं, नाहीतर धान्याच्या आयात करावरून सभासदांमध्ये तिथल्या तिथे दोन तट पडले असते. पण या संस्था मुख्यतः जमीनदार आणि अभ्यासू मंडळींच्या. कसणाऱ्याचं मत तिथे मोजलं जात नव्हतं.

ते मोजायची पद्धत रूढ झाली ती एका किराणा दुकानातून. इंग्लंडमधल्या रॉचडेलला 28 जणांनी 1844 च्या डिसेंबरमध्ये दुकान उघडलं, शेअर एक पौंडाचा. मत मात्र शेअरवर नाही, माणसावर. भांडवलाला ठराविकच व्याज, उरलेला नफा ज्यानं जितका माल घेतला त्या प्रमाणात. म्हणजे पैसा जास्त घातला म्हणून संस्था तुमच्या खिशात येत नाही, मला वाटतं पुढचं जवळपास सगळं याच एका गोष्टीतून निघालंय.

शेतीत हे आणण्यात रायफायझन यांचं नाव सगळ्यात मोठं, आणि त्यांची गोष्ट जरा सविस्तर सांगायलाच हवी. जर्मनीतल्या वायरबुश गावचे ते मेयर होते. 1846-47 च्या उपासमारीत त्यांनी श्रीमंतांकडून पैसे गोळा करून लोकांना धान्य आणि ब्रेड पुरवला, मग 1849 मध्ये फ्लामर्सफेल्डला आणि 1854 मध्ये हेडेसडॉर्फला मदत संस्था काढल्या, पण त्याही देणाऱ्यांच्याच. घेणारा संस्थेचा कुणीच नाही, त्यामुळे देणाऱ्यांचा उत्साह ओसरला की संस्था लंगडी पडायची. शेवटी 1864 मध्ये त्यांनी हेडेसडॉर्फची संस्था पार बदलली, ज्याला कर्ज हवं त्यानं सभासद व्हायचं आणि संस्थेच्या देण्याला सगळ्यांनी मिळून, स्वतःच्या मालमत्तेसकट जबाबदार राहायचं. हे ऐकायला भयंकर वाटतं पण कारभाराच्या दृष्टीनं याच्याइतकं जालीम औषध नाही, कारण शेजाऱ्यानं कर्ज बुडवलं तर माझं घर जाणार म्हटल्यावर मी सभेला जाणार, प्रश्न विचारणार, आणि कर्ज कशासाठी घेतलं आणि पैसा तिथेच गेला का तेही बघणार. म्हणूनच संस्थेचं क्षेत्र एका गावापुरतं किंवा पंचक्रोशीपुरतं, सगळे एकमेकांना ओळखणारे. पदाधिकाऱ्यांना पगार नाही, मोबदला फक्त हिशेब लिहिणाऱ्याला. राखीव निधी वाटून घ्यायचा नाही, म्हणजे संस्था मोडून पैसे खिशात घालायचा मोहच नको. पुढे 1889 च्या जर्मन कायद्यानं ठराविक मुदतीत बाहेरच्या तपासनिसाकडून ऑडिट सक्तीचं केलं आणि त्याच कायद्यानं मर्यादित जबाबदारीलाही परवानगी दिली. म्हणजे भीती थोडी कमी झाली तर त्या जागी तपासणी आली.

डेन्मार्कची गोष्ट दुधाची. 1882 मध्ये जटलंडमधल्या येडिंग गावात शेतकऱ्यांनी सहकारी डेअरी काढली, त्याच्या थोडंच आधी मलई वेगळी करायचं यंत्र बाजारात आलं होतं आणि ते एकट्या शेतकऱ्याला परवडणारं नव्हतं. तिथल्या डेअऱ्यांनी ठरवलं की मतं डोक्यांवर, गाईंवर नाही, डॅनिश भाषेत हे दोन शब्द इतके सारखे आहेत की ती म्हणच होऊन बसली. नफा मात्र दूध जितकं घातलं तितका. मत सारखं आणि पैसा कामाप्रमाणे, मोठा आणि छोटा शेतकरी एका संस्थेत टिकायचे असतील तर हे दोन्ही लागतं. पण नुसत्या वजनावर पैसे दिले तर पाणी घालणारा जिंकतो आणि चांगलं दूध घालणारा वैतागून बाहेर पडतो. 1890 मध्ये अमेरिकेत बॅबकॉक यांनी दुधातलं फॅट मोजायची सोपी पद्धत काढली, म्हणजे पैसे नुसत्या वजनाऐवजी फॅटवर देता येतील, आणि पेटंटही घेतलं नाही. कारभार म्हटलं की आपण निवडणूकच बघतो, पण मोजमाप खरं नसेल तर बाकी सगळं फुकट.

अमेरिकेच्या 1922 च्या कायद्यात शेतकरी संघांना एकत्र विक्रीची मुभा देताना अट होती, एकतर एका सभासदाला एकच मत, नाहीतर भांडवलावर वर्षाला 8 टक्क्यांच्या वर लाभांश नाही.

भारतात रायफायझनचा नमुना मद्रासचे सरकारी अधिकारी निकोल्सन यांच्या अहवालातून आला आणि 1904 चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. पण इथे फरक पडला. जर्मनीत ऑडिट सहकारी संघांकडेही होतं, इथे ते रजिस्ट्रारकडे, म्हणजे सरकारकडे. 1954 च्या ग्रामीण कर्ज पाहणीच्या अहवालानं तर सरकारनं सोसायट्यांच्या भांडवलात भागीदार व्हावं असं सुचवलं. पैसा आला, संस्था वाढल्या हे खरंच, पण मंडळावर नेमलेली माणसंही आली आणि सभासदाची नजर हळूहळू सभेऐवजी वरच्या ऑफिसकडे वळली. मला हेच सगळ्यात मोठं नुकसान वाटतं, कारण घर जायची भीतीही नाही आणि संस्था आपली ही भावनाही नाही, मग हिशेब कोण विचारणार?

अशी तक्रार बऱ्याच देशांत होती. 1995 मध्ये मँचेस्टरला आंतरराष्ट्रीय सहकारी संघटनेनं तत्त्वं नव्यानं मांडली तेव्हा स्वायत्तता हे वेगळं तत्त्व म्हणून घातलं, सरकारशी किंवा बाहेरच्या भांडवलाशी करार करा पण ताबा सभासदांकडेच राहील असा करा. त्याच वर्षी आंध्र प्रदेशनं सरकारी भागभांडवल न घेणाऱ्या सोसायट्यांसाठी वेगळा कायदा केला.

येडिंगच्या डेअरीच्या वेळी सगळे सभासद एका खोलीत बसू शकत होते. आज डेन्मार्कमधल्या मोठ्या दूध संघाचे मालक शेतकरी सात देशांत आहेत, तिथे सभासद प्रतिनिधी निवडतात, आणि ठरावावर हात वर करतो तो प्रतिनिधी.