जर्मन शिकायला थेट जर्मनीत: सातारा-सांगलीच्या अर्जदारांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

पहिल्यांदा कोर्स किती दिवसांचा आहे ते मोजा. 90 दिवसांच्या आत संपणार असेल तर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा अल्प मुदतीचा) लागतो, त्याहून मोठा असेल तर नॅशनल व्हिसा (फक्त जर्मनीचा, जास्त मुदतीचा). शेंगेनची फी 90 युरो आणि नॅशनलची 75, म्हणून मोठा व्हिसा स्वस्त पडतो, पण त्याची कागदपत्रं बरीच जास्त. "आधी शेंगेनवर जाऊ, तिथून वाढवून घेऊ" हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. भारतीय पासपोर्टवर तसं होत नाही, भारतात परत येऊन नवा अर्ज करावा लागतो. कोर्सची फी आणि विमानाचं भाडं दोन्ही त्यात जातं.

ही माहिती निव्वळ भाषा शिकायला जाणाऱ्यांसाठी आहे. जर्मन निवास कायद्याच्या कलम 16 एफ खाली हा नॅशनल व्हिसा मिळतो आणि मुक्काम जास्तीत जास्त एक वर्षाचा असतो. भाषा झाल्यावर तिथल्या विद्यापीठात प्रवेश घ्यायचाच असेल, तर तो शिक्षणाच्या तयारीचा वेगळा प्रकार आहे आणि त्याची कागदपत्रंही वेगळी. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तो मार्गही वेगळा. तिन्ही गोष्टी एकाच फाइलमध्ये मिसळल्या की अधिकाऱ्याला तुमचा हेतू कळत नाही, आणि हेतू न कळणं हे नकाराचं मोठं कारण ठरतं.

कोर्स कसा हवा

कोर्स इंटेन्सिव्ह असला पाहिजे, म्हणजे आठवड्याला किमान 18 तासिका. जर्मनीत एक तासिका 45 मिनिटांची असते. संध्याकाळचे, शनिवार-रविवारचे किंवा तिथे स्थायिक होणाऱ्यांसाठीचे एकात्मता कोर्स या व्हिसाला चालत नाहीत. गोएथे-इन्स्टिट्यूट, खासगी भाषाशाळा आणि गावोगावच्या फोल्क्सहोखशूल, अशा तीन ठिकाणी चौकशी करता येते. फोल्क्सहोखशूल म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पाठबळावर चालणारी प्रौढ शिक्षण केंद्रं. तिथे फी सहसा कमी असते, पण प्रत्येक केंद्रात 18 तासिकांचा वर्ग असेलच असं नाही. पैसे भरण्याआधी ईमेल करून विचारा.

शाळेच्या पत्रात पाच गोष्टी स्पष्ट हव्यात: कोर्स सुरू आणि संपण्याची तारीख, आठवड्याच्या तासिका, कोणत्या पातळीपासून कोणत्या पातळीपर्यंत (ए1 ही सुरुवातीची, बी1 मधली), किती फी भरली आणि तुमचं पूर्ण नाव. आणखी एक गोष्ट लेखी घ्या: व्हिसा नाकारला गेला तर फी परत मिळेल का, आणि किती कापून. फी भरायच्या आधी हे उत्तर हातात हवं, नंतर विचारून उपयोग नाही.

कोर्सची तारीख अर्जाच्या दिवसापासून निदान तीन-चार महिने पुढची ठेवा. अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, छाननीला कित्येक आठवडे जातात, आणि जिथे राहणार त्या शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयाकडेही फाइल पाठवली जाऊ शकते.

पैशाची बाजू

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. भाषा कोर्ससाठी 2025 मध्ये महिन्याला 1,091 युरो दाखवावे लागत होते. पदवीच्या विद्यार्थ्याला 992 युरो पुरतात, भाषा शिकणाऱ्याला त्यावर दहा टक्के जास्त. इंटरनेटवर सगळीकडे 11,904 हा आकडा दिसतो, तो पदवीच्या विद्यार्थ्याचा वर्षाचा आहे. तो बघून पैसे जमवले तर रक्कम कमी पडते. आठ महिन्यांच्या कोर्सला 8,728 युरो, पूर्ण वर्षाला 13,092 असा हिशोब करा. आकडा बदलत राहतो, त्यामुळे अर्ज करण्याच्या आठवड्यात दूतावासाच्या यादीतून पुन्हा तपासा.

ही रक्कम ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवायची. त्यातून तिथे गेल्यावर दर महिन्याला ठरलेला हप्ताच बाहेर येतो. आपल्याकडे अडचण अशी की घरातली बचत बऱ्याचदा पतसंस्थेत किंवा सहकारी बँकेत असते, आणि त्यांतल्या बहुतेकांकडे परकीय चलनाचा परवाना नसतो. म्हणून ठेव मोडून आधी परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँकेच्या खात्यात पैसे आणा, शक्यतो दोन-तीन आठवडे आधी. तिथे पॅन, ए2 फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज) आणि शाळेचं पत्र मागतात. एप्रिल 2025 पासून एका आर्थिक वर्षात 10 लाख रुपयांपर्यंत परदेशी पाठवलेल्या रकमेवर टीसीएस (बँक आगाऊ वसूल करते तो कर) लागत नाही. त्यावर रक्कम जात असेल तर दर बँकेत विचारा.

पाठवताना मधल्या बँकेचं शुल्क पाठवणाऱ्याने भरायचा पर्याय निवडा. नाहीतर वाटेत वीस-तीस युरो कापले जातात, खात्यात 8,728 ऐवजी 8,700 पोचतात आणि खातं पूर्ण भरल्याचं प्रमाणपत्र अडकतं. या अठ्ठावीस युरोंसाठी पुन्हा बँकेत खेटे घालावे लागतात.

खातं पूर्ण भरलेलं असेल तर सातबारा, घराचं मूल्यांकन, ऊसबिलाच्या पावत्या यांचा गठ्ठा जोडायची गरज नसते. जर्मनीत राहणारा नातेवाईक खर्चाची हमी घेणार असेल तर त्याने आपल्या शहरातल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन औपचारिक हमीपत्र करून द्यावं लागतं. साध्या कागदावर लिहिलेलं पत्र चालत नाही.

बाकीची कागदपत्रं

पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला आणि किमान दोन कोरी पानं असलेला हवा. सातारा-सांगली पुणे विभागीय पासपोर्ट कार्यालयाखाली येतात. 36 पानी नव्या पासपोर्टची फी 1,500 रुपये, तत्काळची 3,500.

नावाकडे नीट बघा. पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात पाटील आणि नावाच्या रकान्यात ऋतुजा संजय असेल, तर शाळेच्या फॉर्मवर, ब्लॉक्ड अकाउंटवर आणि विम्यावर तसंच आलं पाहिजे. वडिलांचं नाव एका ठिकाणी आलं आणि दुसरीकडे गळलं की खुलासा मागतात. सोपा उपाय: फोटोच्या पानाखाली यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्या बघून अक्षरनअक्षर उतरवा.

मग 35 बाय 45 मिलिमीटरचे बायोमेट्रिक फोटो, बायोडेटा, दहावीपासूनची गुणपत्रकं, नोकरी असेल तर अनुभवपत्र आणि रजेचं पत्र, राहण्याची सोय, आणि संपूर्ण मुक्कामाचा आरोग्य विमा, निदान 30,000 युरोंच्या संरक्षणाचा. भाषा कोर्सवाल्यांना तिथल्या सरकारी विद्यार्थी विम्यात सहसा घेत नाहीत, त्यामुळे खासगी विमाच घ्यावा लागतो. अपोस्टिलवर, म्हणजे कागदपत्र परदेशात ग्राह्य धरलं जावं म्हणून मारून घ्यायच्या सरकारी शिक्क्यावर, पैसे घालवू नका. भारत 2005 पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात असला तरी जर्मनीने आक्षेप नोंदवलेला आहे, म्हणून भारतीय अपोस्टिल तिथे ग्राह्य धरत नाहीत.

हेतुपत्र मात्र मन लावून लिहा. अधिकाऱ्याचा खरा प्रश्न असा असतो: पुण्यात मॅक्स म्युलर भवन (गोएथे-इन्स्टिट्यूटचं इथलं केंद्र) असताना एवढे पैसे खर्चून जर्मनीत कशाला? "जर्मनी सुंदर देश आहे" हे त्याचं उत्तर होत नाही. समजा, कुपवाड एमआयडीसीत जर्मन बनावटीच्या मशीनवर काम करणारा डिप्लोमाधारक आहे. त्याने लिहावं: ए1 मी इथे केलं, हे प्रमाणपत्र, मशीनची मॅन्युअल जर्मनमध्ये आहे, सर्व्हिस इंजिनिअरशी बोलायला बी1 लागतं, आठ महिन्यांत तिथवर पोचायचं आहे आणि परतल्यावर देखभाल विभागात हे काम करायचं आहे. एक पान पुरतं. ए1 आधी केलेलं असलं की बोलण्याला वजन येतं, म्हणून ते इथेच उरकून घ्या. एजंटचं छापील पत्र लगेच ओळखू येतं.

अर्ज आणि पुढचं

महाराष्ट्र मुंबईच्या जर्मन महावाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत आहे. जानेवारी 2025 पासून नॅशनल व्हिसासाठी कॉन्सुलर सर्व्हिसेस पोर्टल सुरू झालं आहे: फॉर्म ऑनलाइन भरायचा, कागद अपलोड करायचे, आणि नंतर बोटांचे ठसे व मूळ कागदांसाठी प्रत्यक्ष जायचं. सांगलीहून जाणाऱ्यांनी आदल्या दिवशीच मुक्कामाला पोचावं. पहाटेच्या गाडीवर भिस्त ठेवून अपॉइंटमेंट चुकली तर नवीन तारीख घ्यावी लागते.

नकार आला तर पूर्वी फेरविचाराचा अर्ज करता यायचा. 1 जुलै 2025 पासून ती सोय बंद झाली. आता नवा अर्ज करायचा किंवा महिन्याच्या आत बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा लावायचा. बहुतेकांना नवा अर्जच परवडतो. नकारपत्रातलं कारण वाचून तेवढीच बाजू दुरुस्त करा, जुनीच फाइल पुन्हा देऊ नका.

व्हिसा मिळाला की आठवड्याला 20 तासांपर्यंत काम करता येतं, ही सवलत मार्च 2024 पासून आहे. तो पगार ब्लॉक्ड अकाउंटच्या रकमेत मात्र धरू नका. पोचल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंद करावी लागते, आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा ठरावीक फॉर्म लागतो. खोली ठरवतानाच तो देणार का, हे विचारून घ्या. तात्पुरत्या भाड्याच्या खोल्यांचे बरेच मालक ऐनवेळी सही देत नाहीत, आणि नोंद नसली तर पुढचं निवास परवान्याचं कामही खोळंबतं.