लिव्हरपूलमधील दारिद्र्य व वंचना

लिव्हरपूलमधील दारिद्र्य व वंचना : इंग्लंडच्या वायव्य भागात मर्सी नदीच्या मुखाशी वसलेल्या लिव्हरपूल या बंदरात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून आजवर, वेगवेगळ्या रूपांत, टिकून राहिलेली हलाखी. ‘दारिद्र्य’ म्हणजे उत्पन्नाची चणचण. ‘वंचना’ ही संज्ञा अधिक व्यापक असून घर, आरोग्य, शिक्षण, रोजगार व परिसर यांतील उणीवही तीत येते. पीटर टाउनसेंड या समाजशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये मांडलेल्या सापेक्ष वंचनेच्या विवेचनानंतर ब्रिटिश लेखनात या दुसऱ्या संज्ञेचा वापर वाढला. त्यापूर्वीच्या साधनांत बहुधा नुसते दारिद्र्यच आढळते. लिव्हरपूलबाबत हा भेद महत्त्वाचा ठरतो, कारण या शहरात पैशाची वाण क्वचितच होती. ज्या काळात तेथील व्यापारी देशातील सर्वांत श्रीमंतांत गणले जात, त्याच काळात गोदीपासून काही मिनिटांच्या अंतरावर माणसे तळघरांत राहत होती.

पूर्वपीठिका : इंग्लंडच्या जॉन राजाने १२०७ मध्ये लिव्हरपूलला सनद दिली. पुढील पाच शतके हे गाव लहानच राहिले. १७१५ मध्ये येथे दरवाजे असलेली बंदिस्त व्यापारी गोदी सुरू झाली आणि भरती-ओहोटीची पर्वा न करता जहाजे रिकामी करता येऊ लागली. साखर, तंबाखू, पुढे कापूस आणि १८०७ मध्ये कायद्याने बंद होईपर्यंत गुलामांचा व्यापार यांवर शहर वाढले. १८०१ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ७८ हजार होती, १८५१ मध्ये ती पावणेचार लाखांवर गेली. घरबांधणी या वेगाने होणे शक्य नव्हते. तळघरांत राहण्याची प्रथा नेमकी केव्हा सुरू झाली हे निश्चित सांगता येत नाही. १७९० च्या सुमारास झालेल्या मोजणीत सुमारे १,७०० तळघरांत सहा ते सात हजार लोक आढळले होते, म्हणजे त्या आधी काही दशके तरी ती रूढ असावी.

कोर्ट व तळघरे : येथे ‘कोर्ट’ म्हणजे न्यायालय नव्हे. रस्त्यावरील घरांच्या मागे, अरुंद बोळातून आत गेल्यावर लागणारा चिंचोळा चौक आणि त्याच्या दोन्ही बाजूंची समोरासमोर बांधलेली घरे यांना मिळून कोर्ट म्हणत. घर सामान्यतः तीन मजली, पण प्रत्येक मजल्यावर एकच खोली. मागची भिंत पलीकडच्या घराला चिकटलेली, त्यामुळे आरपार वारा नाही. चौकाच्या टोकाला सर्वांना मिळून एक-दोन शौचकूप, आणि पाणी असलेच तर एका सामाईक नळाला, तेही ठरावीक वेळी. घरांखालच्या तळघरांत याहून गरीब भाडेकरू असत. मुंबईच्या गिरणगावातील चाळीशी तुलना करण्याचा मोह होतो, पण चाळीला निदान उघडी गॅलरी असते. कोर्टात सूर्यप्रकाश पोहोचणेच अवघड होते.

या वस्तीत नेमके किती लोक राहत, हा जुना वाद आहे. विल्यम हेन्री डंकन या लिव्हरपुलातच जन्मलेल्या डॉक्टराने १८४० च्या सुमारास दिलेल्या अंदाजानुसार सुमारे २,४०० कोर्टांत ८६ हजार आणि सुमारे ७,८०० तळघरांत ३९ हजार लोक होते. नगरपालिकेने १८४१ मध्ये केलेल्या मोजणीत हे आकडे बरेच खाली आले : १,९८२ कोर्टांतील १०,६९२ घरांत ५५,५३४ लोक आणि ६,२९४ तळघरांत २०,१६८ लोक. पहिला आकडा आपले म्हणणे पटवण्यासाठी फुगवलेला, असे काहींना वाटते. मात्र दुसऱ्या मोजणीतील तळघरांत कोर्टांच्या आतली सहाशेहून अधिक तळघरे धरलेली नाहीत. शिवाय मोजणीदार आल्यावर तळघरातील पोटभाडेकरू लपवले जात असणेही संभवते. स्वतः डंकनने १८४३ मधील व्याख्यानांत नगरपालिकेचेच आकडे वापरले, यावरून ते अधिक विश्वसनीय मानणे इष्ट. त्या कमी आकड्यांवरूनही इंग्लंडातील सर्वांत अनारोग्यकारक शहर हेच, असा निष्कर्ष त्याने काढला. आकडा लहान झाला म्हणून त्या ओल्या खोल्यांतले दुःख लहान होत नाही.

मृत्यूचे सरासरी वय : एडविन चॅडविक या आरोग्यसुधारकाच्या १८४२ च्या अहवालातील एक तक्ता आजही वारंवार उद्धृत होतो. त्यात लिव्हरपूलमधील मृत्यूचे सरासरी वय उच्चभ्रू व व्यावसायिक वर्गात ३५, व्यापारी वर्गात २२ आणि मजूर वर्गात अवघे १५ वर्षे दिले आहे. रटलंड या ग्रामीण परगण्यात मजुरांसाठी हाच आकडा ३८ होता. अनेक लोकप्रिय ग्रंथांत याचा अर्थ ‘लिव्हरपूलचा मजूर पंधराव्या वर्षी मरे’ असा लावलेला दिसतो. तो चुकीचा आहे. मृत्यूचे सरासरी वय आणि आयुर्मान या दोन भिन्न गोष्टी होत. ज्या वस्तीत जन्मदर जास्त आणि तरुण स्थलांतरितांचा भरणा मोठा, तेथे मरणाऱ्यांत मुलांचे प्रमाण आपोआप वाढते आणि सरासरी खाली येते. फ्रान्सिस नीसन या विमागणितज्ञाने १८४४ मध्येच चॅडविकच्या पद्धतीतील हा दोष दाखवून दिला होता. तरीही तक्ता निरुपयोगी ठरत नाही. एकाच शहरातील वर्गावर्गांतील एवढी तफावत केवळ लोकसंख्येच्या रचनेने समजावता येत नाही. ती सरासरी पंधरापर्यंत खेचणारे मृत्यू मुख्यतः पाच वर्षांखालील मुलांचे होते.

आयरिश स्थलांतर व कारणमीमांसा : आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडून पडलेल्या दुष्काळात, १८४७ या एका वर्षी, सुमारे २,९६,००० लोक आयर्लंडहून लिव्हरपूल बंदरात उतरले. शहरातील दंडाधिकारी एडवर्ड रश्टन याच्या हिशेबानुसार त्यांपैकी सुमारे १,३०,००० अमेरिकेकडे गेले, सुमारे ५०,००० कामकाजासाठी आलेले प्रवासी होते आणि उरलेले सुमारे १,१६,००० अर्धनग्न व उपाशी अवस्थेत थेट सार्वजनिक मदतीच्या दारात उभे राहिले. त्या वर्षी प्रलापक सन्निपात ज्वराची (टायफसची) साथ पसरली. रुग्णांची सेवा करताना दहा कॅथलिक धर्मगुरूंचा मृत्यू झाला. शहरात या तापाला ‘आयरिश ताप’ असेच नाव पडले.

यावरून लिव्हरपूलचे दारिद्र्य बाहेरून आले, हे मत एकोणिसाव्या शतकात प्रबळ होते आणि पुढेही ते अधूनमधून डोके वर काढते. दुसरे मत असे की, दारिद्र्य बंदराच्या अर्थव्यवस्थेतूनच निपजले आणि दुष्काळाने ते फक्त उघडे पाडले. कालक्रम दुसऱ्या मताच्या बाजूने आहे : वर दिलेल्या कोर्ट व तळघरांच्या मोजण्या दुष्काळाच्या चार-पाच वर्षे आधीच्या आहेत. तेव्हाही शहरात आयरिश लोक मोठ्या संख्येने होते हे खरे. पण त्यांना तळघरातच का राहावे लागे, याचे उत्तर गोदीतील कामाच्या पद्धतीत शोधावे लागते.

आरंभीचे उपाय : १८३२ च्या पटकीच्या साथीत किटी विल्किन्सन या कष्टकरी आयरिश स्त्रीने आपल्या घरातील तापवणाचे भांडे शेजाऱ्यांना कपडे धुण्यासाठी खुले केले. त्यातूनच १८४२ मध्ये फ्रेडरिक स्ट्रीटवर सार्वजनिक धुलाईघर सुरू झाले. १८४६ च्या स्थानिक आरोग्य कायद्यान्वये १ जानेवारी १८४७ रोजी डंकनची आरोग्य अधिकारी म्हणून नेमणूक झाली. ब्रिटनमधील हे अशा प्रकारचे पहिले पद. त्याच्यासोबत जेम्स न्यूलँड्स हा अभियंता व टॉमस फ्रेश हा निरीक्षक काम करीत होता. हजारो लोकांना तळघरांतून हलवण्यात आले, परंतु पर्यायी घरे नसल्याने त्यांतील बहुतेक जवळच्याच कोर्टांत दाटले. नवी कोर्टे बांधण्यास १८६४ मध्ये बंदी झाली. १८६९ मध्ये नगरपालिकेने व्हॉक्सहॉल भागात बांधलेली सेंट मार्टिन्स कॉटेजेस ही इंग्लंडातील पहिल्या पालिका-घरांपैकी मानली जातात. ती १९७७ मध्ये पाडली गेली. ब्राउनलो हिल येथील प्रचंड अनाथ-दरिद्रालयाच्या रुग्णालयात विल्यम रॅथबोन याच्या आर्थिक साहाय्याने १८६५ मध्ये ॲग्नेस जोन्स हिने प्रशिक्षित परिचारिकांची व्यवस्था सुरू केली. तीन वर्षांतच तिला टायफसने मृत्यू आला. त्या दरिद्रालयाच्या जागी आज कॅथलिक कॅथीड्रल उभे आहे.

गोदीतील अनियमित रोजगार : मँचेस्टरमध्ये होते तसे मोठे कारखाने लिव्हरपुलात नव्हते. काम होते ते जहाज येण्यावर अवलंबून, आणि जहाज वाऱ्यावर, ऋतूवर, कापसाच्या हंगामावर. पुरुष सकाळी आणि पुन्हा दुपारी गोदीच्या ठरलेल्या उभ्या जागी जमत. त्या जागेला ‘स्टँड’ म्हणत. मुकादम हवी तेवढी माणसे निवडी आणि बाकीचे परत जात. आपल्याकडील नाका कामगारांची सकाळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे चित्र वेगळे वाटणार नाही. काम मिळालेच तर अर्ध्या दिवसाचे.

या पद्धतीचे मर्म असे की, प्रत्येक मालक आपल्या स्टँडवर गर्दीच्या दिवसाला पुरतील एवढी माणसे हाताशी असावीत असे पाही. सर्व जहाजे एकाच दिवशी येत नसत. पण एका स्टँडवरचा माणूस दुसऱ्या स्टँडवर गेला तर त्याची ओळख तुटे. म्हणून प्रत्येक स्टँडची राखीव गर्दी वेगळी राही आणि त्या सर्वांची बेरीज बंदराच्या एकूण गरजेपेक्षा कितीतरी मोठी होई. या बेरजेतला फरक म्हणजेच लिव्हरपूलचे दारिद्र्य, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही. हा फरक आळसाचा किंवा व्यसनाचा नव्हता. तो कामाच्या रचनेतच होता.

समाजसुधारक एलिनॉर रॅथबोन (१८७२–१९४६) हिने १९०४ मधील गोदी-कामगारांच्या पाहणीत आणि १९०९ मधील कुटुंबांच्या जमाखर्चाच्या अभ्यासात हीच गोष्ट घराच्या आतून पाहिली. मिळकत आठवड्यागणिक बदलत असल्याने उधारी आणि गहाणवट हा अपवाद न राहता संसार चालवण्याची पद्धतच झाली होती. चांगले कपडे गहाण पडत व मजुरी हाती आली की सुटत. अशा घरात पैशाची ओढाताण आईच्या वाट्याला येते, या निरीक्षणातून तिने मुलांसाठीचा भत्ता थेट आईच्या हाती द्यावा ही मागणी पुढे आयुष्यभर लावून धरली. तिला १९४५ च्या कायद्यात यश आले. हिंदुस्थानातील बालविवाहाच्या प्रश्नातही तिने लक्ष घातले होते आणि १९३२ मध्ये ती येथे येऊन गेली. पश्चिम भारताशी लिव्हरपूलचा खरा संबंध मात्र कापसाचा. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) अमेरिकन कापूस बंद झाल्याने वऱ्हाड, खानदेश व गुजरातचा कापूस मुंबईमार्गे तिकडे लोटला. लिव्हरपूलच्या भावांवर मुंबईत सट्टा खेळला गेला आणि १८६५ मध्ये तो कोसळला.

१९११ च्या उन्हाळ्यात वाहतूक कामगारांच्या संपाने शहर बंद पडले. १३ ऑगस्टला सेंट जॉर्जेस हॉलसमोरील सभेवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या, दोन दिवसांनी लष्कराच्या गोळीबारात दोघे मरण पावले. पुढच्याच वर्षी कामगारांची नोंदणी करून बिल्ले देण्याची योजना आली, पण कामापेक्षा बिल्लेच अधिक वाटले गेले. अनियमित रोजगार पूर्णपणे संपला तो १९६७ मध्ये, म्हणजे कंटेनर येऊन माणसांची गरजच घटू लागली तेव्हा.

ऱ्हास : लोकसंख्या १९३१ मध्ये सुमारे ८,५५,००० होती, २००१ मध्ये ती सुमारे ४,३९,००० उरली. जुन्या वस्त्या पाडून लोकांना कर्कबी, स्पीक व स्केल्मर्सडेल येथे हलवण्यात आले. दक्षिणेकडील गोद्या १९७२ मध्ये बंद झाल्या आणि त्याच सुमारास उत्तरेला सीफोर्थची कंटेनर गोदी सुरू झाली. खेळणी बनवणारा मेकॅनो कारखाना १९७९ मध्ये, लव्ह लेनचा साखर कारखाना १९८१ मध्ये बंद पडला. त्याच वर्षी जुलैत टॉक्स्टेथ भागात दंगल उसळली. ब्रिटनच्या मुख्य भूमीवर जमाव पांगवण्यासाठी अश्रुधूर प्रथम येथे वापरला गेला. बेरोजगारीइतकेच पोलिसांचे कृष्णवर्णीयांशी वर्तन तिला कारण होते. पिढ्यान्‌पिढ्या तेथेच जन्मलेल्या कृष्णवर्णीयांना शहराच्या मध्यभागातील दुकानांतही क्वचितच नोकरी मिळे, हे १९८९ च्या गिफर्ड चौकशीत नमूद आहे.

दंगलीनंतर अर्थमंत्री जेफ्री हाउ यांनी पंतप्रधानांना लिहिलेल्या टिपणात शहरावर फार खर्च न करता त्याचा ऱ्हास ‘व्यवस्थापित’ करावा, असा पर्याय सुचवला होता. ३० वर्षांच्या नियमानुसार हे कागद २०११ च्या अखेरीस खुले झाले. लिव्हरपुलात हेच सरकारचे छुपे धोरण होते, असे अनेक जण मानतात. कागदांवरून ती सूचना होती एवढेच सिद्ध होते. पर्यावरणमंत्री मायकेल हेसल्टाइन यांनी उलट बाजू मांडली आणि निधी आणला. पण एका शहराबद्दल असा पर्याय लेखी सुचवला जातो, ही गोष्ट तेथील लोकांच्या मनातून गेलेली नाही, आणि ती जावी अशी अपेक्षाही करता येत नाही.

आधुनिक मोजमाप : इंग्लंडच्या वंचना निर्देशांकात उत्पन्न व रोजगार (प्रत्येकी २२.५ टक्के), शिक्षण व आरोग्य (प्रत्येकी १३.५), गुन्हेगारी, घर-सेवा व परिसर (प्रत्येकी ९.३) असा भार दिला जातो आणि सरासरी दीड हजार वस्तीच्या एककांना क्रमांक लावले जातात. २००४, २००७ व २०१० मध्ये लिव्हरपूल सर्वाधिक वंचित स्थानिक प्राधिकरण ठरले. २०१९ मध्ये ते ब्लॅकपूल व नोजली यांच्यामागे तिसरे होते, मात्र त्यातील जवळजवळ निम्मी एकके देशातील सर्वाधिक वंचित दहा टक्क्यांत होती. शहराची प्रशासकीय हद्द तोकडी असल्याने फॉर्म्बी किंवा पश्चिम विरलसारखी सुखवस्तू उपनगरे गणनेबाहेर राहतात व आकडा फुगतो, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप तत्त्वतः रास्त आहे. पण त्याच हद्दीबाहेर बूटल व बर्कनहेड या वंचित वस्त्या आणि लिव्हरपुलातून हलवलेल्या लोकांनी वसलेले कर्कबीही राहते, हे तो घेणारे सहसा सांगत नाहीत. कर्कबी ज्या नोजलीत मोडते ते प्राधिकरण तर २०१९ च्या यादीत लिव्हरपूलच्याही वर होते.

२००२ ते २०११ मधील गृहबाजार-नूतनीकरण योजनेत अनेक गल्ल्या पाडण्यासाठी रिकाम्या करून घरांना पत्रे ठोकण्यात आले. योजना मध्येच बंद पडली. २०१३ पासून पालिकेने काही पडीक घरे एका पौंडाला दिली. २०१५ मध्ये लिव्हरपूल व एव्हर्टन या परस्परांच्या कट्टर प्रतिस्पर्धी फुटबॉल संघांच्या चाहत्यांनी एकत्र येऊन सामन्यांच्या दिवशी अन्नपेढ्यांसाठी शिधा गोळा करणे सुरू केले. डंकनच्या अभ्यासातील व्हॉक्सहॉल आणि त्याला लागून असलेला कर्कडेल–एव्हर्टनचा पट्टा २०१९ च्या नकाशावरही सर्वांत गडद रंगात दिसतो.